माडाची सावली आणि छतावरची वीज

पुणे, 6 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुमचं बोलणं मध्येच तोडलं, त्याची रुखरुख लागून राहिली आहे. ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि तुम्ही एकदम "उद्या पंचवीस हजार ॲडव्हान्स देतोय" म्हणालात, तशी मी घाबरले. सोलर नको असं माझं म्हणणं नाहीच. बसवायचंय, आणि पैसे मी देणार आहे. फक्त तो सोलर विकणारा माणूस सांगतो तसं नको. फोनवर सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. आईलाही वाचून दाखवा, कारण यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिच्याकडे आहे.

आधी घाईचं बघू. "योजना या महिन्यात बंद होतेय" हे खरं नाही. घराच्या छतावर सोलर बसवायला केंद्र सरकार अनुदान देतं ती पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली आणि ती 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. आपल्या हातात वेळ आहे. अनुदान पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला 18,000. म्हणजे जास्तीत जास्त 78,000. तिनाच्या पुढे कितीही वाढवलं तरी सरकारकडून एक रुपया जास्त मिळत नाही. तो तुम्हाला 5 किलोवॅट का सुचवतोय, ते यावरून लक्षात येईल. वरच्या दोनाचा सगळा खर्च आपलाच, आणि विक्री त्याची.

तुम्ही पाठवलेल्या बिलांवरून मी बारा महिन्यांचे आकडे मांडले. मे महिन्यात 210 युनिट, पावसाळ्यात 110-120, वर्षाचे मिळून 1,780. एक किलोवॅट स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट देतो. आपल्याकडचे पावसाचे चार महिने धरले तरी 2 किलोवॅट वर्षाला दोन हजारांच्या वर जातात. आईच्या खोलीत उन्हाळ्यापुरता एसी लावला तरी भागेल. (आई, एसीला नाही म्हणू नकोस. मागच्या मेमध्ये रात्रभर पदराने वारा घेत बसलेली मी पाहिली आहे तुला.) दिवसा जास्त झालेली वीज महावितरणच्या लाइनमध्ये जाते आणि नेट मीटर ती मोजून ठेवतो. ते युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलातून वजा होतात. एप्रिल-मेमधले उरलेले जुलै-ऑगस्टला कामी येतात. पण हिशेब 31 मार्चला मिटतो आणि तेव्हा उरलेल्या युनिटला फार कमी भाव मिळतो. वीज विकून कमवायची म्हणून मोठं बसवण्यात अर्थ नाही. बिल अगदी शून्यही होणार नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. पण शंभर युनिटच्या वर गेलं की वीज आकाराचा दर दुपटीहून जास्त होतो, तो वरचा सगळा भाग वाचेल. तेवढं पुष्कळ आहे.

आता आईचं काम. तो माणूस मे महिन्यात येऊन स्लॅब बघून गेला आणि "सावली कुठेच नाही" म्हणाला. मे महिन्यात नसणारच! त्या दिवसांत दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर असतो, माडाची सावली माडाच्या बुंध्याशीच पडते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि आगरातल्या दोन्ही माडांची सावली स्लॅबवर येते. आई, तू सुपारी वाळत घालतेस तेव्हा बारा वाजले की ताडपत्री ओढत टाकीकडे नेतेस ना? लहानपणी मी दुसरं टोक धरायचे. सुपाऱ्या गडगडत पन्हाळीत जायच्या आणि तू ओरडायचीस. ती ताडपत्री जिथून ओढावी लागते तिथे पॅनेल नको. सगळी पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, एकावर सावली आली तरी उरलेल्यांचं कामही मंदावतं. दोन किलोवॅटला साधारण दोनशे चौरस फूट लागतात आणि टाकीच्या अलीकडे तेवढी जागा आहे. टाकी उत्तरेला असल्याने तिची सावलीही आड येणार नाही. माड तोडायचा विचारसुद्धा करू नका, बाबा. पॅनेल सरकवता येतात.

दुसरी गोष्ट माझ्या मनाला जास्त लागली. त्याने तुम्हाला सांगितलं की लाइट गेली तरी घरात उजेड राहील, आणि तुम्हाला 2020 चा जून आठवला. निसर्ग वादळानंतर जवळजवळ महिनाभर अंधारात काढला होता तुम्ही दोघांनी. मी इथे लॉकडाऊनमध्ये अडकलेले, फोन लागत नव्हता. त्या दिवसांची भीती तुमच्या मनात आहे हे मला कळतं, म्हणूनच खोटी आशा लावलेली मला सहन झाली नाही. साध्या सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी) लाइन गेली की आपोआप बंद होतो. तो बंद व्हायलाच हवा, नाहीतर आपल्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो, पण तो बराच महाग पडतो. मला वाटतं, पडवीतला जुना इन्व्हर्टर तसाच ठेवू आणि त्याची बॅटरी मी नवीन घालून देते. दोन पंखे आणि चार दिव्यांना तो पुरे.

वादळाचा विचार मांडणीतही करायला हवा. खाली माणूस उभा राहील एवढी उंच मांडणी तो सुचवतोय, म्हणजे पावसाळ्यात कपडे वाळत घालता येतील. कल्पना आईला आवडणार हे मला माहीत आहे, पण निसर्ग वादळात उडालेले गोठ्याचे पत्रे तुम्ही पाखाडीवरून गोळा करून आणले होते. मांडणी बुटकीच हवी, दक्षिणेकडे थोडी कललेली. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून लोखंड गॅल्वनाइज केलेलं आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. स्लॅबला भोकं पाडू द्यायची नाहीत. वर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवायचे. अण्णा आजोबांच्या खोलीत आधीच एका कोपऱ्यात ओल आहे. अर्थिंग तीन वेगवेगळी: एक पॅनेलच्या बाजूचं, एक घराच्या विजेच्या बाजूचं, एक आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं. हे कोटेशनवर लिहून घेऊ.

आणि आता ते, जे तुम्हाला जड जाणार आहे. लाइटबिल अजून अण्णांच्या नावावर आहे. अर्ज बिलावरच्या ग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच नावाच्या बँक खात्यात येतं. त्यामुळे आधी कनेक्शन तुमच्या नावावर करावं लागेल. अण्णांचा मृत्यूचा दाखला, घराचा असेसमेंट उतारा आणि काका-आत्याची संमती हे सगळं आपल्याकडे होण्यासारखं आहे. आत्याशी मी बोलले, ती चिपळूणहून सही करायला येते म्हणाली. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी बिल आलं की तुम्ही "अण्णांचं बिल आलं" म्हणता आणि चष्मा लावून आधी नाव वाचता. मी हे काम एवढी वर्षं टाळलं ते त्यासाठीच. पण पुढेमागे हे करावंच लागणार आहे, आणि ते तुम्ही असताना, तुमच्या हातून झालेलं बरं. दारावरची पाटी त्यांचीच राहील.

नाव बदललं की योजनेच्या पोर्टलवर अर्ज मी इथून भरीन. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल, तो फक्त मला सांगायचा, दुसऱ्या कुणालाही नाही. 10 किलोवॅटपर्यंत आता वेगळी तांत्रिक तपासणी न करता मंजुरी मिळते, म्हणून तिथे अडणार नाही. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीचीच लागतात. योजनेत नोंदणी असलेल्या दोघा सोलरवाल्यांकडून मी कोटेशन मागवलीत, दोन्ही सव्वा लाखाच्या आसपास आहेत. अनुदानाचे 60,000 काम आणि नेट मीटर झाल्यावर येतात, तोवर सगळे पैसे आपणच घालायचे असतात. शेवटचा हप्ता नेट मीटर बसल्याशिवाय द्यायचा नाही. त्या माणसाला ॲडव्हान्स देऊ नका. "मुलगी बघतेय" एवढंच सांगा.

बाबा, एक वचन द्या. पॅनेल पुसायला तुम्ही वर चढायचं नाही. टाकीपाशी नळ काढून घेऊ आणि पंधरा दिवसांनी सकाळी, काच तापायच्या आत, शेजारच्या मुलाला पाइप मारायला सांगू.

आई, 21 डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, दहा, बारा आणि तीन वाजता माडाची सावली स्लॅबवर जिथवर येईल तिथे खडूने रेघ ओढशील? गुडघा दुखत असेल तर तू खालून सांग आणि त्या मुलाला ओढू दे. बारा वाजता मी व्हिडिओ कॉल करते.

तुमची,
ताई