हिवाळ्यासाठी चारच कादंबऱ्या

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. यंदाच्या हिवाळ्यात अभिजात कादंबऱ्या वाचायच्याच, हे तू ठरवलंस याचा मला किती आनंद झाला ते कागदावर उतरवणं अवघड आहे. इकडे आता दिवस भराभर आखडायला लागलेत, संध्याकाळ लवकर होते, आणि मीही याच विचारात होतो. त्यामुळे तुझी यादी समोर ठेवून दोघांसाठी मिळून एक बेत आखला आहे. पटतो का बघ.

यादीतलं एकही नाव चुकीचं नाही. पण तेवढी सगळी पुस्तकं एका ऋतूत घेतलीस तर प्रत्येकाला आठवडाही मिळणार नाही. मग माणसं एकमेकांत मिसळतात आणि वर्षभराने फक्त शीर्षकं आठवतात. तू घेतेस ते पुस्तक जीव लावून वाचतेस, म्हणून स्पष्टच लिहितो: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत चारच कादंबऱ्या. एक मोठी, चारही महिने सोबत राहणारी. दोन छोट्या, मधूनमधून वाचायच्या. आणि एक, जी तू फार पूर्वी वाचली आहेस आणि आता पुन्हा उघडायची आहे.

मोठं पुस्तक चार महिने पुरवायचं म्हणजे आळस, असं वाटून घेऊ नकोस. यातल्या कितीतरी कादंबऱ्या पहिल्या वाचकांच्या हाती तुकड्यातुकड्यांनीच पडल्या. डिकन्सची 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ पासून सप्टेंबर १८५३ पर्यंत दरमहा येत होती, म्हणजे तिचे पहिले वाचक दीड वर्ष त्या एका गोष्टीत राहत होते. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. पुस्तक झालं ते १८९३ मध्ये. तिची नायिका यमू, तिचं पुढे काय होतं याची वाट बघत लोक पुढच्या अंकापर्यंत थांबायचे. त्या थांबण्यात ते तिच्याबद्दल घरात बोलायचे, वाद घालायचे, हळहळायचे. मला वाटतं, लेखकानेही ते थांबणं धरूनच प्रकरणं बांधली असणार. दोन दिवसांत पुस्तक संपवलं की हे सगळं हातून निसटतं.

आता मोठी कादंबरी कोणती? तुझ्या यादीत टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' सगळ्यात वर आहे. ती वाच, नक्की वाच, पण या हिवाळ्यात नको. तिची प्रकरणं ३६१ आहेत आणि बहुतेक लहान आहेत. अनेक जण रोज एक याप्रमाणे ती वर्षभर वाचतात, आणि ती तशीच वाचावी असं माझं मत आहे. ऋतूत मावणारं पुस्तक ते नव्हे. एखाद्या एक जानेवारीला सुरू करू.

त्याऐवजी तुझ्या यादीत खाली कुठेतरी असलेली 'मिडलमार्च' वर आण. जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅन इव्हान्सची. ही डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या वर्षात आठ भागांत प्रसिद्ध झाली, आणि आजच्या प्रतींमध्येही ते आठ भाग तसेच आहेत. पंधरवड्याला एक भाग धरला तर सोळा आठवडे होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू केलं तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपेल. पानं आठशेच्या आसपास, म्हणजे एका भागाची साधारण शंभर. रोज दहा पानं वाचलीस तरी भाग दहा दिवसांत होतो आणि पंधरवड्याचे तीन-चार दिवस मोकळे राहतात. हे मोकळे दिवस मुद्दाम ठेवले आहेत, त्यात छोटी पुस्तकं बसतील. एखाद्या आठवड्यात पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, तरी बेत मोडणार नाही.

ही कादंबरी तुझ्यासाठी का, ते जरा सविस्तर सांगतो. काळ १८२९ ते १८३२, इंग्लंडमधलं एक लहान गाव. डोरोथिया नावाची तरुण मुलगी, काहीतरी मोठं, लोकांच्या उपयोगाचं करायची तळमळ असलेली. ती आपल्याहून वयाने पुष्कळ मोठ्या अशा एका विद्वानाशी लग्न करते, का, तर त्याच्या महाग्रंथाला आपला हातभार लागेल म्हणून. दुसरीकडे लिडगेट नावाचा तरुण डॉक्टर, वैद्यकात नवं काही करण्याच्या जिद्दीने गावात आलेला. दोघांचे हेतू चांगले आहेत, दोघंही हुशार आहेत, आणि तरी त्यांच्या निवडी त्यांना कुठे नेतात हे बघताना मला पुस्तक खाली ठेवून खोलीत फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. तिसऱ्या भागात, एकोणतिसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक जागा आहे. निवेदिका डोरोथियाबद्दल वाक्य सुरू करते, मध्येच तोडते आणि विचारते की नेहमी डोरोथियाच का? आणि ज्याच्यावर आपण तोवर मनातून चिडलेलो असतो, त्या नवऱ्याच्या मनात आपल्याला घेऊन जाते. तो किती घाबरलेला आहे, हे कळतं. कादंबरी नावाची गोष्ट माणसाला काय देऊ शकते, हे मला त्या एका पानावर जितकं जाणवलं तितकं क्वचितच कुठे जाणवलं असेल. तिथे पोचलीस की त्याच रात्री मला फोन कर, इकडे किती वाजलेत ते बघू नकोस.

दोन गोष्टींची काळजी घे. पहिला भाग संथ आहे. वाक्यं लांब आहेत, सुरुवातीला एखादं दोनदा वाचावं लागेल. शंभर पानांनंतर कान तयार होतो आणि मग तोच आवाज हवासा वाटतो. तोवर सोडू नकोस. आणि अनुक्रमणिका उघडू नकोस! भागांना नावं आहेत, त्यातलं एक नाव पुढची मोठी घटना सरळ सांगून टाकतं. प्रस्तावनाही शेवटी वाच. अभिजात पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणारे अभ्यासक वाचकाला सगळं आधीच ठाऊक आहे असं धरून चालतात आणि शेवट पहिल्या पानावर मांडतात.

छोट्या दोन मराठीच घेऊ या. पहिली विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू माणसं, आणि त्यांच्यात मायदेशी परतणारा चक्रधर आणि ज्यू तरुणी हॅर्टा. इतक्या थोड्या पानांत इतकं पेटलेलं लेखन मी मराठीत फार कमी वाचलं आहे. ही मात्र तुकड्यांनी वाचू नकोस. एका बैठकीत, फार तर दोन. डिसेंबरमधल्या एखाद्या मोकळ्या शनिवार-रविवारी.

दुसरी पु. शि. रेग्यांची 'सावित्री', १९६२ ची. सगळी कादंबरी पत्रांतून, आणि तीही फक्त सावित्रीचीच पत्रं; ज्याला ती लिहिते त्याची उत्तरं आपल्याला कधीच दिसत नाहीत, ती आपणच मनात लिहायची. ही आईसाठीही आहे. तिला हल्ली बारीक अक्षर वाचवत नाही असं तू लिहिलंस, तर जानेवारीत रात्री एक-दोन पत्रं तिला मोठ्याने वाचून दाखव. पत्रं आटोपशीर आहेत, एका बैठकीला पुरेशी. मोठ्याने वाचताना रेग्यांच्या गद्यातली लय आपोआप उलगडते. मोराची गोष्ट येईल तेव्हा आई नक्की थांबवून पुन्हा वाच म्हणेल.

तू विचारलंस की हिवाळ्यात हिवाळ्याचीच पुस्तकं वाचावीत का. बाहेरची हवा आणि पानावरची हवा जुळली की एक वेगळं सुख मिळतं हे खरं, पण त्यासाठी अडून बसू नये. 'ब्लीक हाउस' नोव्हेंबरच्या लंडनमधल्या धुक्याने सुरू होते, पण तिचा पहिला अंक मार्चमध्ये आला. रशियन लेखक दोस्तोयव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' पीटर्सबर्गच्या जुलैमधल्या तापलेल्या संध्याकाळी सुरू होते आणि ती मासिकात यायला लागली जानेवारी १८६६ मध्ये. त्या वाचकांनी बर्फात बसून तो उकाडा वाचला. माझा विचार उलट आहे: ऋतू जुळवायचा तो आपल्या फुरसतीशी. लांब रात्री मोठ्या कादंबरीला द्याव्यात, धावपळीच्या महिन्यांत छोटी घ्यावी. एक अपवाद 'ड्रॅक्युला'चा. ती रोजनिशी आणि पत्रांतून आहे, पहिली नोंद ३ मेची आणि मग कथा नोव्हेंबरपर्यंत जाते. ती त्या त्या तारखेला वाचता येते. पुढच्या मे महिन्यासाठी तिचं नाव वेगळं लिहून ठेव.

'क्राइम अँड पनिशमेंट' मात्र या वेळी बाजूला ठेव. ती आणि 'मिडलमार्च', दोन्ही पूर्ण मन मागतात. घेशील तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर नावं लिहीत जा. एकाच माणसाला कुणी नाव आणि वडिलांच्या नावाने हाक मारतं, कुणी आडनावाने, कुणी लाडाच्या नावाने. रोद्या म्हणजेच नायक रस्कोलनिकोव हे लक्षात येईपर्यंत वाचक उगाच गोंधळतो.

बाबांना यात ओढायचं असेल तर 'रणांगण' त्यांच्या टेबलावर ठेवून दे. काही बोलू नकोस, ते उचलतील.

मी इकडे हेच सगळं तुझ्याबरोबर वाचणार आहे. 'मिडलमार्च'चा प्रत्येक भाग संपला की एकमेकांना पत्र, दोन पानांचं का होईना. फोनवर आपण कामाचंच बोलतो, पुस्तकाबद्दल लिहावंच लागतं. त्या त्या भागात कुणाचा राग आला, कुणाबद्दल मत बदललं, एवढंच लिही. आणि एखादं पुस्तक खरोखर नकोसं झालं तर निम्म्यावर सोड, फक्त का सोडलंस ते कळव.

राहिलं चौथं, पुन्हा वाचायचं पुस्तक. ते मी सुचवणार नाही. लहानपणी तू अंथरुणात पांघरुणाखाली टॉर्च घेऊन जी वाचायचीस त्यांतलं एखादं निवड, किंवा कॉलेजात अभ्यासाला होतं म्हणून नावडलेलं. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा त्याच्यासाठी ठेवला आहे. महिनाअखेरीपर्यंत नाव कळव, म्हणजे इथल्या ग्रंथालयात मिळतं का ते पाहतो. नाही मिळालं तर कुणी इकडे येणारं असेल त्यांच्याबरोबर एक प्रत पाठव.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ