जत्रेच्या बॅनरवरची वेळ वाचता येऊ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिचोलीत मी ३४ वर्षं बोर्ड रंगवले. दुकानांचे, देवळांचे, जत्रेतल्या नाटकांचे. फ्लेक्स आला तसा ब्रश सुटला, अक्षराकडे बघायची सवय मात्र सुटली नाही.

परवा भाचीने 'यात्रा वन' नावाचा फॉन्ट दाखवला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतलाय आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. सपाट ब्रश तिरका धरून ओढला की रेघेचं टोक कापल्यासारखं सुटतं, अगदी तसंच टोक! इंग्रजी अक्षरंही त्याच धारेची. माझ्या मनगटाला ती ओढ ओळखीची वाटली. जुन्या वळणाची अशी नटवी अक्षरं परत येताहेत याचा मला फार आनंद आहे.

म्हणूनच ती वाटेल तिथे वापरलेली बघवत नाहीत. आमच्याकडच्या एका जत्रेच्या बॅनरवर नाटकाचं नाव, पालखी, महाप्रसाद, देणगीदार, सगळंच नक्षीदार टायपात होतं. वर प्रत्येक अक्षराला जाड बॉर्डर आणि सावली. बॉर्डरीने आकड्याचं पोट भरलं आणि '९' चा '१' झाला. पालखीनंतर मध्यरात्र उलटून नाटक लागणं आपल्याकडे नवलाचं नाही, त्यामुळे साखळीला राहणारी माझी थोरली बहीण १.३० वाचून सावकाश जेवूनखाऊन आली. पडदा ९.३० ला उघडला होता. वर्षभर ज्या नाटकाची वाट पाहिली, त्याचा शेवटचा अंक तेवढा तिला मिळाला.

आम्ही खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायचो, त्या रेघेवर शिरोरेघ धरायची. नाव हातभर उंच, दोन रंगांत, सावलीसकट. खाली तारीख, वेळ, स्थळ साध्या अक्षरात, एकाच रंगात. मग रस्त्यापलीकडे जाऊन वाचून बघायचं.

पणजीत फोंतेन्हासच्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या फरशा बघा. घराचं नाव, भोवती वेलबुट्टी, बाजूला मोकळी भिंत. नटव्या अक्षराला अशी जागा लागते. नाटकाचं नाव, बेकरीची पाटी, लग्नपत्रिकेवरची दोन नावं, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ इथे ते खुलतं. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका हो. इंग्रजीत ते खपतं, आपली शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

जत्रांचा मोसम येतोय. मंडळांनी वेळेची ओळ साध्या टायपात मागून घ्यावी. प्रूफ नुसतं मोबाईलवर पाहून होकार देऊ नये, कागदावर काढून भिंतीला लावावं आणि दहा पावलं मागे जाऊन घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून वाचून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त बोर्ड पेंटर, डिचोली