बंदुकीचा परवाना देता, मग काडतूस का अडवता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काडतूस विक्रीवर आणखी कडक निर्बंध हवेत, असं सांगणारा आपला कालचा अग्रलेख दोनदा वाचला. पहिल्या वेळी 'शेतकरी' हा शब्द नजरेतून सुटला असेल असं वाटलं, पण तो कुठेच नव्हता. शेजारी चित्र छापलंत तेही पिस्तुलाचं. आमच्या वाडीत तीन परवाने आहेत आणि तिन्ही शेतसंरक्षणाचे. पिस्तूल आम्ही पोलिसांच्या कमरेलाच काय ते पाहिलंय.

माझी बारा बोअरची एकनळी, म्हणजे काडतूस घालून उडवायची एका नळीची बंदूक. वडिलांची ठासणीची होती, नळीत दारू ठासून उडवायची. पीक राखायला ठासणीची बंदूक द्यावी, ती पुरी पडत नसेल तर दुसरी देता येते, हे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमातच आहे. आमच्याकडे भात पिकतं तेव्हा परतीचा पाऊस असतो. दारू सर्दावते, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) फुसका जातो, गजाने ठासून दुसरा बार भरेपर्यंत रानडुकरांनी अर्धा कुणगा, म्हणजे भाताचा वाफा, तुडवलेला असतो. म्हणून अर्ज, चौकशी, पोलिसांचा अहवाल असे सगळे सोपस्कार करून काडतुशीची बंदूक घेतली. गरज आहे हे सरकारनेच मान्य केलं होतं.

आता गेल्या हंगामातलं सांगतो. परवान्याचं नूतनीकरण झालं. काडतुसांसाठी परवान्यावर दोन आकडे लागतात: एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षाला किती विकत घ्यायची. माझ्या परवान्यावर सही, शिक्का, तारीख सगळं होतं, हे दोन रकाने तेवढे कोरे. मला ते घरी आल्यावरही दिसलं नाही. दिसलं ते दुकानदाराला. आमच्या तालुक्यात काडतुसांचं दुकान नाही. पहाटेची एसटी धरून घाट चढून गेलो होतो. त्याने परवाना उलटसुलट पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. "आकडा नाही, काका. एक जरी दिलं तरी माझं दुकान बंद होईल." त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या मागे फळीवर डबे रचलेले होते, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले. म्हणजे काडतूस बनवणारंही सरकार आणि ते माझ्या हाती पडू न देणारंही सरकारच.

दोन आकडे लिहून घ्यायला मला कचेरीत चार खेपा झाल्या. एकदा साहेब बैठकीला, एकदा नवीन अर्ज करा, एकदा ऑनलाइन दुरुस्ती होत नाही. एकोणीस दिवस गेले. घरात दोन काडतुसं होती, ती पहिल्या आठवड्यातच उडाली. पुढे रात्री मी आणि बायको माचावर बसून पत्र्याचा डबा बडवत होतो. दोन रात्री डुकरं बिचकली. तिसऱ्या रात्री आमच्यापासून वीस हातांवर खुशाल चरत राहिली. अंधारात त्यांचं मचमच खाणं ऐकू येत होतं. सकाळी पाहिलं तर भात आडवं झालेलं, लोंब्या चिखलात रुतलेल्या आणि मधोमध लोळून केलेला खळगा, त्यात पाणी साचलेलं. चार कुणग्यांपैकी दीड हाती लागला.

आम्ही बार काढतो तो कळप पळवायला. जनावर मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची कवचं, जमा केल्याशिवाय नवीन काडतूस देऊ नये, असं आपण सुचवलंत. एकनळी मोडून पुंगळी नखाने ओढून काढावी लागते, ती तापलेली असते, हातात बॅटरी, पायाखाली घोटाभर चिखल. ती पडली तर शोधत बसू की डुकरामागे धावू? आणि हरवलेल्या प्रत्येक पुंगळीमागे मी संशयित ठरणार का?

गुन्हे गावठी कट्ट्याने होतात. कट्टेवाला परवाना घेऊन दुकानात येत नाही, वहीत सही करत नाही. माझं प्रत्येक काडतूस दुकानदाराच्या वहीत आणि माझ्या परवान्यावर चढतं, माझा परवाना क्रमांकासह केंद्राच्या संगणकावर आहे. आणखी कसली नोंद हवी? शेजारच्या कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातल्या कोडव समाजाला तर परवान्यातूनच सूट आहे, केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. आम्ही सूट मागत नाही. दिलेल्या परवान्यावर काडतूस मिळावं, एवढंच मागतो.

निवडणुकीचंही एकदा लिहा. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, ऐन काजूत. विधानसभेची १५ ऑक्टोबरला, ऐन कापणीत. दोन्ही वेळा बंदूक जमा करायला सांगितली. कुणाची जमा करायची ते छाननी समितीने ठरवावं, जामिनावर सुटलेले, गुन्हे नोंद असलेले पाहावेत, असे निवडणूक आयोगाचेच निर्देश आहेत. माझ्यावर साधी तक्रारही नाही, तरी पहिली नोटीस मला. दुसऱ्यांदा बंदूक परत मिळाली तेव्हा नळीतून फडकं ओढलं, ते गंजाने लाल होऊन बाहेर आलं. वडिलांनी खुंटीवरची बंदूक पावसाळ्यात दर चार दिवसांनी तेल लावून पुसली, मला तेच शिकवलं. ते फडकं बघून जेवण गेलं नाही.

बंदूक नको, नुकसानभरपाई घ्या, असं शहरातले नातेवाईक सांगतात. तीन दिवसांत कळवायचं, मग पंचनाम्याला माणसं येईपर्यंत उरलेलं भात कापायचं नाही, वर पाऊस. मी ते एकदा करून पाहिलं. राखलेलं भातही कुजलं.

कोऱ्या रकान्यांच्या त्या पानाची तेव्हा काढून ठेवलेली झेरॉक्स सोबत जोडली आहे. दोन्ही रकान्यांना पेनाने गोल केला आहे. छापायला जागा नसेल तर निदान अग्रलेख लिहिणाऱ्यांना दाखवावी.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, तळकोकण