पाडव्याची सकाळ, झीरो माईल

नागपूर,
८ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

अबे, शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाच. सायकलने श्रीनगर ते कन्याकुमारी करून येऊन तीन आठवडे होत आले. फोनवर तू तीनदा विचारलंस, "कसं झालं?" आणि मी तीनदा "मस्त" म्हणून तुझ्या मस्कतच्या उकाड्यावर विषय नेला. मस्तच झालं, खोटं नाही. पण एक गोष्ट घरात सगळ्यांसमोर बोलण्यासारखी नव्हती, म्हणून कागद घेऊन बसलो. हे पत्र वहिनीला वाचायला दिलंस तरी चालेल, पण आपल्या ग्रुपवर टाकू नकोस.

आठवतं ना, आठवीत असताना आपण वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जायचो, उसाचा रस प्यायचो आणि उलटे फिरायचो. तेव्हा त्या रस्त्याला सगळे सात नंबरच म्हणायचे. एकदा तू पानठेलेवाल्याला विचारलंस, हा पुढे कुठे जातो? तो चुना लावता लावता म्हणाला, "कन्याकुमारी." आपण दोघं हसलो होतो, जणू त्याने चंद्र म्हटलं. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले आणि आपला सात नंबर ४४ मध्ये गेला. श्रीनगर ते कन्याकुमारी, साधारण ३,७०० किलोमीटर, देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग. तुझी सुट्टी नामंजूर झाली नसती तर नववी सायकल तुझी असती.

नऊ सायकली आणि मागे एक छोटा हत्ती टेम्पो, त्यात बॅगा, ट्यूबा, केळी आणि गॅसची शेगडी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीनगरहून निघालो. पंपोर, अवंतीपोरा करत संगमपर्यंत रस्ता सपाट, आणि दोन्ही बाजूंना क्रिकेटच्या बॅटींचे कारखाने. विलोच्या फळ्या विटांसारख्या रचून वाळत ठेवलेल्या, घरांच्या छपराएवढ्या उंच. काझीगुंडला सफरचंदांच्या ट्रकांची रांग लागली होती, संपता संपेना. बनिहालचा नवा बोगदा साडेआठ किलोमीटरचा, तो आम्ही सायकली गाडीत टाकून पार केला. पुढे रामबनपर्यंत काय धूळ होती, विचारू नकोस. एकीकडे डोंगर खोदून राहिले, दुसरीकडे खाली दरी, आणि मध्ये आपण. पीडा नावाच्या गावी राजमा-चावल खाल्ला, वर तुपाची धार आणि अनारदाण्याची चटणी. आपल्या वऱ्हाडी पोटालाही पटला.

मला काम मिळालं होतं शेपटाचं. म्हणजे सगळ्यात शेवटी राहायचं, कोणी मागे पडलं तर त्याच्यासोबत थांबायचं, पंक्चर काढायचं. का तर मला पंक्चर पटकन काढता येतं. तुला माहीत आहे मी कसा चालवतो. मला पुढच्या टोळीत राहायचं होतं, हवा कापत, ताशी अठ्ठावीसने. त्याऐवजी ३६ दिवस मी एका माणसाच्या मागच्या चाकाकडे पाहत होतो. तो माणूस म्हणजे सर. गणिताचे, रिटायर, वय ६३. ताशी सतरा. चढावर नऊ.

तुझ्या जागी आले होते ते. खरं सांगतो, पहिले दहा दिवस मला त्यांचा राग येत होता. आणि त्यात त्यांची एक सवय. नदी आली की थांबायचं. पुलाच्या कठड्याशी सायकल टेकवायची, नमस्कार करायचा, खिशातून एक रुपयाचं नाणं काढायचं, खाली टाकायचं, छोट्या डायरीत नदीचं नाव लिहायचं. चिनाब ठीक आहे. पण पठाणकोटपर्यंत तवी झाली, रावी झाली, पुढे बियास, सतलज... पंजाबात हात जोडून जोडून दमलो. महामार्गाच्या पुलावर थांबणं किती धोक्याचं असतं! साइड पट्टी पुलावर येऊन संपते आणि ट्रक खांद्याला घासून जातात. चंबळच्या पुलावर, धौलपूरच्या पुढे, मी त्यांच्यावर ओरडलो. "सर, तुमच्या पुण्यासाठी मी मरायचं काय?" ते काही बोलले नाहीत. डायरीत 'चंबळ' लिहिलं आणि पेडल मारायला लागले.

त्याआधीचं पंजाब-हरियाणा मी थोडक्यात संपवतो, कारण तिथे आम्ही खोकण्याशिवाय काही केलं नाही. भाताचं काड जाळायचे दिवस. संध्याकाळी सूर्य तांब्याच्या भांड्यासारखा दिसायचा आणि नाकातून काळं यायचं. दिल्ली आम्ही पहाटे साडेतीनला उठून पार केली. लोक विचारतात दिल्लीत काय पाहिलं. लाल दिवे पाहिले.

सागरच्या पुढे माझ्या मागच्या चाकाची तार तुटली. आमच्याकडे जादा तारा होत्या, पण तुटली ती चेनच्या बाजूची. ती घालायची तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या, काढावी लागते, आणि कॅसेटचा पाना गाडीत, गाडी चाळीस किलोमीटर पुढे, फोनला रेंज नाही. एका खेड्यात निंबाखाली सायकल दुरुस्तीवाला बसला होता, पुढ्यात पाण्याचं घमेलं आणि जुन्या टायरांची माळ. त्याने चाक फिरवून पाहिलं. कॅसेटकडे बघून म्हणाला, "ये तो खुलेगा नहीं मेरे से." मग एक साधी तार घेतली, तिचं डोकं पकडीने तोडलं, आणि त्या टोकाला दोन वाक दिले, इकडे एक, तिकडे एक, इंग्रजी झेडसारखे. ते टोक हबच्या भोकात वरूनच अडकवलं. कॅसेट काढायची गरजच नाही! मग निपल आवळून, अंगठ्याचं नख रिमशी धरून, चाक फिरवत डोलणं काढलं. ना स्टँड ना गेज, नखच गेज. वीस रुपये मागितले. मी शंभर दिले तर ऐंशी परत केले आणि चहा सांगितला. ती वाकडी तार अजून माझ्या चाकात आहे. २,००० किलोमीटर गेली, हलली नाही. तू आलास की दाखवतो.

या सगळ्या वेळात सर बाजूला दगडावर बसून त्या कारागिराचे हात पाहत होते. म्हणाले, "याने लांबी मोजली नाही, तरी बरोबर आली." एवढंच.

बरमानला नर्मदा ओलांडली. मग लखनादौन, शिवनी. खवास्याला सीमा आली आणि देवलापारची मराठी पाटी दिसली तर आमच्यातला एक, नाव सांगत नाही, रडला. पेंचच्या जंगलातून रस्ता उंच खांबांवर गेला आहे, खालून जनावरांना जायला वाट. आपल्या बाजूला असे नऊ मार्ग आहेत, सगळ्यात मोठा ७५० मीटरचा. वाघसुद्धा त्याखालून जातात, कॅमेऱ्यात आले आहेत. आम्हाला वरून फक्त दोन्ही कडांची भिंत दिसली. वाघ खाली, आपण वर, दोघं आपापल्या रस्त्याने.

आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी आम्ही नागपुरात.

ही गोष्ट आधी कोणी लक्षात घेतली नव्हती. नकाशावर नागपूर बरोबर मध्ये आहे याचं सगळ्यांना कौतुक वाटत होतं. अर्ध्यावर घर! घरचं जेवण, घरची गादी! कोणी विचार केला नाही की घरातून दुसऱ्यांदा निघावं लागेल, आणि तेही पाडव्याच्या पहाटे.

मी घरी पोचलो तेव्हा पोरीने दारात रांगोळी काढली होती, तीवरूनच मी सायकल नेली. संध्याकाळी पूजा झाली. चकल्या, अनारसे, आईच्या हातची करंजी. वीस दिवसांनी गरम पाण्याची बादली. पोरगी मांडीवर बसून म्हणाली, "बाबा, आता संपली ना सायकल?" मी "हो" म्हटलं. म्हणजे तोंडातून निघालंच.

रात्री झोप नाही. फटाके वाजत होते ते निमित्त. दोन वाजता मी ग्रुपसाठी मेसेज लिहिला: गुडघा सुजला आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, पुढच्या प्रवासाला शुभेच्छा. गुडघ्याला काही झालं नव्हतं, बाळ्या. कोणत्या डॉक्टरकडे गेलो नव्हतो. बोट त्या बाणावर होतं. मग वाटलं, मेसेजने नको, समोर जाऊन सांगावं. नऊ लोक वीस दिवस एका ताटात जेवले, एवढं तरी करावं. बायकोला म्हटलं, झीरो माईलला जाऊन सांगून येतो. ती काही बोलली नाही, बाटल्या भरून ठेवल्या होत्या.

सव्वापाचला तिथे पोचलो. अंधार, फटाक्यांचा कचरा, ते चार घोडे आणि तो दगडी खांब. कोणी आलं नव्हतं. फक्त सर. वीस दिवसांत कधीही, कुठेही सगळ्यांच्या आधी न पोचलेला माणूस. सायकल घोड्यांपाशी उभी, आणि समोर काकू, हातात तबक. निरांजन वाऱ्याने विझत होतं म्हणून काकूंनी पदराचा आडोसा केला होता. हेल्मेट घालूनच ओवाळून घेतलं सरांनी, कुंकू हेल्मेटच्या कडेखाली लावलं. मी लांबच थांबलो. मग काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला पण लावते, ये."

मी विचारलं, "काकू, तुम्ही इथे कशाला आलात, घरीच ओवाळायचं ना?"

"घरी आलेच कुठे ते," काकू म्हणाल्या. सर रात्रभर बसस्टँडजवळच्या लॉजवर राहिले होते. स्वतःचं घर सहा किलोमीटरवर असताना, लक्ष्मीपूजनाच्या रात्री! सर चेनला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, "घरी गेलो असतो तर निघालो नसतो."

दोघं आले नाहीत. एकाच्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, दुसऱ्याचं खरंच काही नव्हतं, त्याने खरं तेच कळवलं: "जमत नाही." मला त्याचा आदर वाटला, कारण माझा गुडघा अजून मोबाइलमध्ये होता. सहा वाजता आम्ही सात जण वर्धा रोडला लागलो. बुटीबोरी आली तेव्हा तुझी आठवण आली, पण रसवंतीवाला पाडव्याची सुट्टी करून गेला होता.

संध्याकाळी बायकोला फोन केला आणि सगळं सांगायला लागलो, की मी सांगायला गेलो होतो, पण तिथे सर... ती म्हणाली, "सांगायला जाणारा माणूस सायकलची पॅडची चड्डी घालून जात नाही." मी काय बोलणार? स्कूटर दारात उभी होती हेही खरं.

भाऊबीज हिंगणघाटच्या पुढे रस्त्यातच झाली. कापूस वेचणीचे दिवस, बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले, गाड्यांतून उडालेले. पैनगंगा ओलांडली की तेलंगण, पण आदिलाबादला चहावाला आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलला.

निर्मळच्या पुढे, सोनला गोदावरीचा पूल आहे. पाणी भरपूर होतं. सर थांबले, मी पण थांबलो, आता मी मागच्या ट्रकांना हात दाखवायची सवय लावून घेतली होती. नाणं टाकून झालं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चंबळला तू चिडला होतास ते बरोबरच होतं. नदी निमित्त आहे रे. दम लागतो. दम लागला म्हणून थांबायची लाज वाटते, नदी आली म्हणून थांबायची वाटत नाही."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. मी त्यांना गुडघ्याचं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. तुला सांगून राहिलो.

त्यानंतर आम्ही दोघं ओढ्यालाही थांबायला लागलो. कर्नूलला तुंगभद्रा मोठी, पण अनंतपूरकडे नदीच्या नावाने वाळूच. सर म्हणाले, "वाळूलाही दम लागू शकतो," आणि थांबले. पुढची टोळी आमच्यामुळे जेवायला दीड तास ताटकळायची. त्यांच्या शिव्या मी शेपूट या नात्याने खाल्ल्या.

बेंगळुरूच्या ट्रॅफिकवर एक ओळही खर्च करत नाही. धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा उतार आहे, ट्रकांचे ब्रेक तिथे जळतात, वास येतो. तिथे पावसाने गाठलं. त्यांचा पावसाळा आपली दिवाळी झाल्यावर सुरू असतो हे भूगोलात शिकलो होतो, आता रेनकोटात शिकलो. ब्रेक पॅड दोन दिवसांत संपले. करूरच्या अलीकडे कावेरी. सरांनी दोन नाणी टाकली, एक कोणाचं ते सांगितलं नाही. कोविलपट्टीला शेंगदाण्याची चिक्की मिळते, आपल्या लोणावळ्याला खाली मान घालायला लावेल अशी. पाव किलो तुझ्यासाठी घेतली होती, ती मुप्पंदलच्या पवनचक्क्यांखाली संपली. तिथे डावीकडून वारा असा येतो की सायकल सरळ ठेवायला अंग तिरकं करावं लागतं. सातही जण एकाच बाजूला झुकलेले, कोणी फोटो काढला असता तर दारू पिऊन निघालेत असं वाटलं असतं.

कन्याकुमारीला दुपारी चारला पोचलो. सर शेवटी. मी त्यांच्या मागे. म्हणजे खरा शेवटचा मीच. समोर विवेकानंद शिला. ते स्मारक १९७० मध्ये उभं करणारे एकनाथ रानडे आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, हे काकूंनी फोनवर सांगितलं, म्हणून तुलाही कळवतो. पुढे पूल नाही. सरांनी डायरी काढली, लाटांकडे पाहिलं, पेन पुन्हा खिशात ठेवलं. "ही नदी नाही," म्हणाले, आणि तरी पायरीवर चांगला अर्धा तास बसले.

तो मेसेज मी अजून खोडलेला नाही. ग्रुप उघडला की खाली अर्धा लिहिलेला दिसतो, "गुडघा सुजला आहे."

बाकी ठीक. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन १८ तारखेला. तू जानेवारीत येतोस ना? सायकल मी तुझ्यासाठी सरांची मागून ठेवली आहे, ते म्हणाले सीट वर करून घे. निदान बुटीबोरी. आणि तिकडून येताना ७०० बाय ३२ च्या चार ट्यूबा आण, लांब व्हॉल्व्हच्या. इथे मिळतात त्या आखूड पडतात. ट्रकच्या फुटक्या टायरांतल्या बारीक तारांनी माझ्या सगळ्या संपवल्या, शेवटची तर नागरकोइलला, घर वीस किलोमीटरवर आल्यासारखं वाटत असताना.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझाच,
पम्या