कळकाची पाठ, धामणीचं पोट

पुणे, 18 नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. थर चिकटवून लांब धनुष्य करायचं मनावर घेतलंस, फार आनंद झाला. पण माणगा बांबू तोडून ठेवला आहेस असं लिहिलंस, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पाठीला, म्हणजे धनुष्याच्या निशाणाकडच्या बाजूला, तो चालणार नाही.

माणगा भरीव आणि चिवट खरा, पण घेराला बारीक. 5 सेंटिमीटर व्यासाच्या काठीतून 30 मिलिमीटर रुंद पट्टी काढलीस तर तिचा मधला फुगवटा कडांपेक्षा 5 मिलिमीटर उंच राहतो. 11 सेंटिमीटर व्यासाच्या कळकात, म्हणजे जाड बांबूत, तोच फुगवटा जेमतेम 2 मिलिमीटर. पाठीची पट्टी मधोमध 3 ते साडेतीन आणि कडेला 1 ते दीड मिलिमीटर हवी, ती कळकातूनच निघेल. घासायचं ते फक्त आतल्या बाजूनं. सालीकडे धागे सगळ्यात दाट असतात, तिथे रंधा लावू नकोस. पेरांचे उंचवटे तेवढे पॉलिश पेपरनं हलके गोल कर.

एवढी पातळ पाठ कशाला, असं तुला वाटेल. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, चेपलं जातं. बांबू ताणाला इतका दणकट, की जाड ठेवला तर तो फारसा ताणलाच जात नाही आणि सगळा भार पोटावर येतो. मग पोटावर आडव्या, केसासारख्या रेषा उमटतात. उजेडात तिरकं धरलं की दिसतात, नख फिरवलं की लागतात. तिथले धागे आतून चुरलेले असतात, वरून घासून ते परत येत नाहीत. पाठ फुटेल या भीतीनं लोक बांबू जाड ठेवतात आणि पोट गमावतात.

इंग्लंडच्या जुन्या धनुष्यांत हे दोन थर झाडानंच जोडून दिलेले असत. यू नावाच्या झाडाच्या खोडातलं बाहेरचं फिकट लाकूड पाठीला, आतलं तांबूस पोटाला. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ जहाजातून अशी शंभराहून जास्त धनुष्यं वर आली. सह्याद्रीत यू नाही, पण धामणीचं झाड आहे. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, यातच सगळं आलं. कुऱ्हाडीच्या दांड्याला चालते तीच. फळी निवडताना रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात का ते बघ. वाटेत कडेनं बाहेर पळत असतील तर ती सोडून दे, कितीही स्वस्त मिळाली तरी.

धामणीच्या 190 सेंटिमीटर लांब दोन पट्ट्या काढ. मधला थर सरसकट 5 मिलिमीटर, पोटाचा मधोमध 18 आणि टोकांना उतरत 10. एकाच जाड पट्टीपेक्षा दोन बऱ्या, कारण साच्यात दिलेला उलटा, म्हणजे पाठीकडे वळलेला, बाक जास्त सांधे असले की जास्त टिकतो. साचा म्हणजे एक सरळ जाड तुळई, तिच्यावर दोन्ही टोकं 4 सेंटिमीटर उचलली जातील असे ठोकळे. वर पॅकिंगची चिकटपट्टी लाव, नाहीतर धनुष्य साच्यालाच चिकटेल.

सुतारकामाचा पांढरा गोंद इथे नको. सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि बाक निघून जातो. सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी घे. चिकटवायच्या बाजू 80 नंबरच्या पेपरनं खरबरीत कर, ॲसिटोननं पूस आणि नंतर बोट लावू नकोस. क्लॅम्प करकचून आवळलेस तर इपॉक्सी बाहेर पळून सांधा कोरडा राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या इंचभर रुंद पट्ट्या ताणून गुंडाळल्या की दाब पुरेसा आणि सगळीकडे सारखा बसतो. चोवीस तासांनी सोड, पण आठवडाभर वाकवू नकोस.

मग आकार. दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत 72 इंच, मुठीशी रुंदी 28 मिलिमीटर, टोकाला 12. पोट गोलसर, इंग्रजी डी अक्षरासारखं.

आता टिलरिंग, म्हणजे मुठीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाहूंचा बाक जुळवणं. इथे एक हिशेब डोक्यात पक्का ठेव. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. मुठीशी 24 मिलिमीटर जाडीतून 1 मिलिमीटर काढलास की तिथला ताठपणा 12 टक्क्यांनी उतरतो, आणि टोकाकडे 14 मिलिमीटर जाडी असेल तर अर्ध्या मिलिमीटरनं 10 टक्के. म्हणून कानस लवकर बाजूला ठेव आणि काचेच्या तुकड्यानं तास. जिथे जास्त वाकतं तिथे पेन्सिलीनं फुली मार, तिथे हात लावायचा नाही. तासायचं ते ताठ जागी. प्रत्येक वेळी तासून झालं की वीस-तीस वेळा हलकं ओढ, कारण लाकूड बदल लगेच दाखवत नाही. 40 पौंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य हवं असेल तर काट्यावर 40 च्या पुढे कधीच ओढू नकोस, मग ते 12 इंचांवर असो की 28 वर. दोर कप्पीतून घेऊन बाजूला, लांब उभा राहून ओढ. खालचा बाहू किंचित ताठ ठेव, कारण हाताची पकड मध्याच्या खाली येते.

दोरी डेक्रॉन या पॉलिस्टर धाग्याची, 12 ते 14 पदरी. चढवल्यावर मुठीपासून 6 इंचांवर यावी. मूठ मिटून अंगठा उभा केलास की साधारण तेवढंच माप येतं. बाण न लावता दोरी कधीही सोडू नकोस, बाणात जायची ताकद सगळी बाहूंत परत येते.

तुमच्याकडे पावसाळ्यात हवा फार दमट. तेव्हा टिलरिंग केलंस तर ओलसर लाकूड वाकलं तसंच राहील. आत्ता थंडीत सुरू करून मार्चपर्यंत उरकलंस तर मेमध्ये पॉलिशचे हात देता येतील. धामणीची फळी घ्यायच्या आधी तिच्या चारही बाजूंचे फोटो पाठव, रेषा बघून सांगतो.

तुझाच,
विनय