सरांच्या मानपत्राबद्दल

प्रिय मित्रा,

बरेच महिने पत्र नाही, राग धरू नकोस. आमच्याकडे सगळे ठीक, माझी शुगर आहे तिथेच आहे.

आपल्या संघटनेच्या सरांचा सत्कार ठरलाय, दादरला. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि झोप उडालीय. समितीने टिपण दिलंय: कुठकुठली पदं, कुठले मोर्चे, आझाद मैदानातली धरणी. सगळं खरं, पण त्यात आपले सर कुठायत? शाळेने कामावरून काढलेली एखादी बाई रडत आली की सर आधी पाणी द्यायचे, मग विचारायचे, "पत्र ज्यात आलं ते पाकीट कुठंय?" खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यात शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाला ३० दिवस, आणि संस्थाचालक पत्रावर मागची तारीख टाकायचे. म्हणून सर चष्मा कपाळावर सारून पोस्टाचा शिक्का उजेडात धरायचे. सर टपाल खात्यात शोभले असते म्हणून तू हसायचास. तुझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलंस!

खरी अडचण पुढे आहे. मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनसाठीचा संप. १४ तारखेला सुरू झाला, २० ला मागे घेतला, आणि त्या रात्री तू सरांना सगळ्यांदेखत म्हणालास, "तुम्हाला पेन्शन आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्ही काय करायचं?" तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो: प्रश्न रास्त होता, पण विचारलास भलत्याच माणसाला. निर्णय वर झाला होता. बाकीचे फोन बंद करून बसले, सर तेवढे आपल्यासमोर येऊन उभे राहिले. एक शब्द उलट बोलले नाहीत.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. म्हणाले, "तो संपही घाल मानपत्रात. पदरात काय पडलं नाही तेही लिही. पोरं चिडली ते गाळू नकोस." आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा विचारलं, "तो येणारे का?"

काय सांगू? तो परिच्छेद मला जमत नाहीये, जमणारही नाही. माझी पेन्शन शाबूत आहे, मी लिहिलं तर ते गुळगुळीत होईल. तू लिही. राग ठेवूनच लिही, सरांना चालेल.

आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? धाकटीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

रविवारपर्यंत पाठव, सोमवारी छपाईला द्यायचंय.

तुझाच