नोंद आमची, जप्तीही आमचीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या बंदुकांची सक्तीने फेरनोंदणी करा, असं सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकाने एकदा सिंधुदुर्गात येऊन जावं. नोंदणीला माझा विरोध नाही. आमच्या घरात शेतसंरक्षणाचा परवाना वडिलांपासून आहे. बंदुकीचा नंबर, माझा फोटो, सातबारा, सगळं सरकारदरबारी आहे. केंद्राच्या संगणकावरचा युनिक नंबरसुद्धा परवान्यावर चढला आहे. आता आणखी कसली नोंद करायची?

२०२४ मध्ये १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक जमा करा म्हणून निरोप आला. काजू ऐन भरात. वानरांची टोळी बागेत शिरली की कोवळ्या बीसकट बोंडू ओरबाडून टाकते. हवेत एक बार काढला की निदान त्या दिवसापुरती पळते. आमच्याकडे मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. बंदूक घरी आली तोवर काजू, आंबा दोन्ही आटोपले होते. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, पुन्हा तेच. तेव्हा भात कापणीला आलेलं. डुकरांनी एका रात्रीत अख्खा कुणगा आडवा केला आणि आम्ही पत्र्याचे डबे बडवत बसलो.

आणि पावसाच्या तोंडावर बंदूक परत मिळाली ती कशी? ठाण्यातल्या ओलसर खोलीत भिंतीला टेकवलेल्या पंधरा-वीस बंदुकांत ती उभी होती, दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. नळीत गंज, घोडा अर्ध्यावर अडकलेला. घरी आम्ही नळीतून नेमाने तेलाचा बोळा फिरवतो. तिथे कोण फिरवणार? विचारलं तर, "पावती आहे ना? सही करा आणि न्या." दुरुस्तीचा खर्च माझ्याच खिशातून गेला.

सरसकट जमा करा असा नियमच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगानेच छाननी समिती नेमायला सांगितलं आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले अशांचे परवाने तपासून निर्णय घ्यायचा आहे. ज्याच्यावर साधी तक्रारही नाही अशा बागायतदाराची बंदूक कुठल्या छाननीत अडकली, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. कर्नाटकात कोडगूतल्या कोडव समाजाला तर परवान्यातूनच सूट आहे आणि केंद्राने ती २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवली. आम्ही सूट मागत नाही. परवाना घेतो, मुदतीत नूतनीकरण करतो.

याच आचारसंहितेच्या काळात रात्री रानातून बार ऐकू येत होते. डोक्याला बॅटरी लावून फिरणाऱ्या शिकाऱ्यांकडच्या बिनपरवाना ठासणीच्या बंदुका कुठल्याच यादीत नाहीत, म्हणून त्यांना निरोपही जात नाही. फेरनोंदणी केली तरी ते रांगेत येणार नाहीत. रांगेत पुन्हा आम्हीच उभे राहणार. शोध घ्यायचा तर त्या बंदुकांचा घ्या, आणि आमच्या जमा करायच्याच असतील तर कोरड्या जागेत, तेल लावून ठेवा.

जाता जाता आणखी एक. कोकण पानावरचं शेतीचं सदर काही महिन्यांपासून दिसत नाही. त्या जागी वाढदिवसाच्या जाहिराती येतात. ते सदर पुन्हा सुरू करावं.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग